अर्धी कॉट

एस.वाय.ला आमचं सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल दुपारी दोनला असायचं. पोटात मेसचं जेवण, डोक्यावर सांगलीचं ऊन आणि हातात साखळी. साखळीचं पुढचं टोक धरणारा तो लीडर, मागचं धरणारा तो फॉलोअर, आणि बाकीचे चौघं कडुलिंबाच्या सावलीत बसून फील्डबुक 'भरणारे'. त्या दिवशी मी फॉलोअर होतो आणि माझा रूम पार्टनर लीडर. त्याला कुठंही लीडरच व्हायचं असतं, रक्तातच आहे त्यांच्या. त्याचे वडील खटाव तालुक्यात एका पक्षाचं काम करतात. माझे पप्पा तासगाव तालुक्यात नेमक्या उलट्या पक्षाचं.

आमची साखळी काही सरळ रेषेत जाईना. सर वैतागून म्हणाले, "अरे, अब्राहम लिंकनसुद्धा हेच काम करायचा, आणि तुमच्यापेक्षा बरं करायचा!" सावलीतून कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच कंटाळून राजकारणात गेला असणार, सर!" सगळे हसले. प्रॅक्टिकल संपलं.

मला मात्र ते डोक्यातून जाईना. शनिवारी लायब्ररीत बसून शोधलं, तर सर खरंच सांगत होते. साल १८३३. इलिनॉय म्हणजे तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, नुकता वसत असलेला मुलूख. न्यू सेलम नावाचं लाकडी घरांचं खेडं. तिथं हा चोवीस वर्षांचा पोरगा, भागीदारीत टाकलेलं दुकान बसलेलं, डोक्यावर कर्ज. तिथल्या काउंटीचा सर्व्हेअर होता जॉन कॅल्हून. हा जॅक्सनच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस, तर लिंकन हेन्री क्लेचा, म्हणजे थेट विरोधी. कॅल्हूनला मदतनीस पाहिजे होता. त्यानं लिंकनला निरोप धाडला. आता कर्जात बुडालेल्या माणसानं काय करावं? पळत जावं. लिंकननं आधी विचारलं काय, तर यासाठी मला माझी मतं सोडावी लागणार का? नाही म्हटल्यावर गडी तयार झाला. गिब्सन आणि फ्लिंटची पुस्तकं मिळवून काही आठवडे डोळे फुटेपर्यंत वाचली, एक होकायंत्र आणि साखळी पैदा केली आणि लागला मोजणीला. त्याच वर्षी, त्याच जॅक्सनच्या राजवटीत, तो गावचा पोस्टमास्तरही झाला. पोस्ट एवढंसं, कमाई तुटपुंजी, त्यामुळे आपलं राजकारण त्याच्या आड कुणी आणलं नाही, असं त्यानंच पुढं गमतीनं लिहून ठेवलंय. १८३४ साली तो इलिनॉयच्या विधिमंडळात निवडून गेला, तेव्हा डेमोक्रॅट लोकांचीही मतं त्याला पडली होती. पुढं कॅल्हून आणि तो सभांमधून एकमेकांच्या विरोधात बोलले ते बोललेच.

जाता जाता आपल्या ब्रँचची एक गंमत. त्या काळची गंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. तिची अर्धी घडी ३३ फूट. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला एक गुंठा! आपल्याकडच्या जुन्या मोजणीतली शंकू साखळीही ३३ फुटांचीच. म्हणजे लिंकनच्या साखळीनं आमचं येरळेकाठचं रान आजही बिनचूक मोजता येईल. त्यावरून भावकीत भांडणं होतील ती वेगळी.

हे सगळं वाचताना मला सारखी आठवण येत होती ती आमच्या आबांची, आणि तात्यांची.

आबा म्हणजे माझे आजोबा. तात्या त्यांचे जिवलग, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. दोघं एका वयाचे. १९४३ साली बारा-तेरा वर्षांची पोरं. तेव्हा सातारा जिल्हा एकच होता, बरं का. आपण आता 'आमचा सातारा', 'आमची सांगली' म्हणून मेसमध्ये भांडतो, पण १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्या अखंड साताऱ्यात १९४३ ते १९४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. आमची ही दोन पोरं रात्री डोंगराकडं भाकरी आणि चिठ्ठ्या पोचवायची. एकदा पोलीस दिसले म्हणून चिठ्ठी कुणी गिळायची यावर दोघांचं उसाच्या फडात भांडण झालं, आणि शेवटी अर्धी अर्धी गिळली, ही गोष्ट आबा सांगायचे. तात्या सांगायचे तेव्हा अख्खी चिठ्ठी तात्यांनीच गिळलेली असायची.

स्वातंत्र्य आलं आणि डोंगरातून उतरलेली माणसं वेगवेगळ्या वाटांनी गेली. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि तिथून कम्युनिस्ट पक्षात गेले. कुंडलचे जी. डी. बापू लाड शेकापमध्ये गेले. आमच्या गल्लीतही तसंच झालं. आबांनी लाल बावटा घेतला, तात्या काँग्रेसचे झाले. शेकापची निशाणी खटारा आणि काँग्रेसची तेव्हाची निशाणी बैलजोडी. तात्या भर चावडीवर म्हणायचे, "आरं, तुझा खटारा आमची बैलं जुंपल्याबिगर हलायचा कसा?" आबा म्हणायचे, "बैलं आमचीच हायती. तू दावणीचं चोरून नेलीस." १९६९ ला काँग्रेस फुटल्यावर बैलजोडी गेली आणि गाय-वासरू आलं, तेव्हा आबांना फार वाईट वाटलं म्हणे. विनोद गेला ना त्यांचा.

निवडणूक आली की दोघांचं बोलणं बंद. भिंती रंगवायच्या, एकमेकांच्या सभेत प्रश्न विचारायचे, सगळं करायचे. मतदान झालं की त्याच रात्री आबा तात्यांच्या सोप्यात जेवायला. कोण जिंकलं हे कळायच्या आत! निकालानंतर जेवायला गेलं तर हरणाऱ्याला घास गोड लागत नाही, म्हणून आधीच उरकून घ्यायचं, असा त्यांचा हिशोब होता.

हा काही आमच्या गावचाच नमुना नव्हे. वरच्या पातळीवर बघा. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव त्यांच्या स्वतःच्या कराडात जेमतेम निवडून आले आणि साताऱ्यातून लोकसभेवर गेले कम्युनिस्ट नाना पाटील. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्र समितीनं निदर्शनं ठरवली. मुख्यमंत्र्यांच्या जिल्ह्यात, पंतप्रधानांसमोर काळे झेंडे! लाठ्या चालल्या असत्या, गोळ्याही चालल्या असत्या. तशा आधी मुंबईत चालल्याच होत्या. पण इथं सरकारनं हात आवरला, आणि एस. एम. जोशींसारख्या पुढाऱ्यांनी हजारोंचा जमाव शांत ठेवला. नेहरूंच्या गाड्या गेल्या, घोषणा झाल्या, आणि रक्त सांडलं नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांची अब्रू राखली असं मला हे वाचताना वाटतं.

मग वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९४० नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर काँग्रेसबाहेरच्या राजकारणात गेलेला हा माणूस. स्वतः यशवंतराव तरुणपणी रॉय यांच्या विचारांकडं ओढले गेले होते, पण त्यांनी काँग्रेस सोडली नाही. वाटा वेगळ्या झाल्या होत्या. तरी महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ काढलं, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदावर यशवंतरावांनी बसवलं ते तर्कतीर्थांना. मराठी विश्वकोशाचं काम वाईत सुरू झालं ते यातूनच. आपल्या लायब्ररीत ते जाडजूड खंड आहेत, काचेच्या कपाटात. (चावी ग्रंथपालांकडे आहे, मागितली तर देतात. मी मागितली, तर त्यांना धक्काच बसला.)

आणि १९६३. चीनच्या युद्धात हाहाकार उडाला, यशवंतरावांना दिल्लीत संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. लोकसभेवर निवडून जायला हवं होतं. नाशिकची जागा रिकामी होती. तिथं विरोधकांनी उमेदवारच उभा केला नाही. यशवंतराव बिनविरोध गेले. सहा वर्षांपूर्वी ज्याला पाडायला सगळे एक झाले होते, त्यालाच!

हे सगळं मी फर्स्ट इयरपासून रूममध्ये सांगत आलो आहे, फार अभिमानानं. पार्टनर म्हणायचा, "झालं तुझं चालू." त्यात आबा-तात्यांची एक गोष्ट मी सगळ्यात रंगवून सांगायचो. ती ७२ च्या दुष्काळाची.

१९७२ च्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. आबा रीतीप्रमाणे तात्यांच्या विरोधात फिरले. मग पाऊस गेला तो गेलाच. येरळा एरवीही वाळूचीच नदी, तेव्हा तर वाळूसुद्धा तापून लाह्या भाजाव्यात अशी झाली. सरकारनं खडी फोडायची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली. आमचे थोरले काका तेव्हा वीस वर्षांचे, मॅट्रिक झालेले, घरी बसून. एका संध्याकाळी तात्या आले आणि आबांच्या हातात चिठ्ठी ठेवली. तलावाच्या कामावरच्या साहेबांना लिहिलेली. हजेरी घ्यायला एक लिहिता-वाचता पोरगा पाहिजे होता, हा पोरगा माझ्या घरचाच समजा, एवढाच मजकूर. आबांनी मागितली नव्हती. चिठ्ठी हातात धरून आबांनी विचारलं, "आता मी बावटा खाली ठिवायचा व्हय?" तात्या असे भडकले म्हणतात! "मी तसं म्हनलो का रं तुला? पोरगं कामाला लाव. पुढच्या इलेक्शनला ये की माझ्या अंगावर." पुढच्या इलेक्शनला आबा गेलेच अंगावर. काका मात्र त्या हजेरीवरून पुढं पाटबंधारे खात्यात चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. आमचं घर उभं राहिलं ते त्या चिठ्ठीवर.

लिंकनचं वाचल्यावर तर मला काय बोलू नि काय नको असं झालं. तोच प्रश्न, तेच उत्तर! दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि सोप्यात बसून सगळ्यांना ऐकवलं. कॅल्हून म्हणजे तात्या, लिंकन म्हणजे आपले आबा. आबा जाऊन चार वर्षं झालेली, तात्या त्यांच्याही आधी गेले. काका खूश झाले. पप्पा म्हणाले, "मासिकात लिही हे."

आजी शेंगा फोडत बसली होती. तिला नव्वदीला थोडीच वर्षं कमी आहेत, पण कान शाबूत. ती म्हणाली, "त्या टायमाला आनिक एक पोरगं मॅट्रिक झालतं."

कोण, म्हटलं.

गावाबाहेरच्या वस्तीवरचा एक मुलगा होता. त्याचे मार्क काकांपेक्षा बरे होते. तोही त्याच कामावर होता, पण खडी फोडायला. त्याच्या बापाचा सोपा नव्हता, त्यामुळं त्या सोप्यात मतदानाच्या रात्री कुणी जेवायला येण्याचा प्रश्न नव्हता. रोज सकाळी काका पाटीखाली सावलीत बसून त्याची हजेरी मांडायचे. नाव पुकारायचे, तो 'हाय' म्हणायचा. दुष्काळ संपल्यावर तो मुंबईला गेला, परत आला नाही.

"तात्या देवमानूस," आजी म्हणाली. "पर चिठ्ठी सरकारची जागा देत हुती. तात्याच्या घरचं काय गेलं त्यात?"

काका उठून बाहेर गेले. त्यांना ते माहीत असणारच. पन्नास वर्षं त्यांनी ते पुकारलेलं नाव सांभाळलं असेल, आणि मी फर्स्ट इयरपासून त्याची गोष्ट करून रूममध्ये टाळ्या घेत होतो. मला फार ओशाळल्यासारखं झालं. आजीनं काही मुद्दाम टोचायला सांगितलं नव्हतं. शेंगा फोडता फोडता तिला आठवलं एवढंच.

परत कॉलेजला आल्यावर मी सगळ्या गोष्टी नव्यानं तपासायला लागलो. देणाऱ्यानं कुठल्या पक्षाच्या माणसाला दिलं, हे मी बघत होतो. कुणाच्या खिशातून दिलं, हे बघितलंच नव्हतं. कॅल्हूननं दिली ती सरकारी जागा. पण लिंकनच्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, मी पहिल्यांदा वाचताना त्याला ओलांडून पुढं गेलो होतो. दुकानाच्या कर्जापायी लिंकनचा घोडा, होकायंत्र, साखळी सगळं जप्त होऊन लिलावात निघालं. पोटावरच पाय. तेव्हा जेम्स शॉर्ट नावाच्या शेतकरी मित्रानं लिलावात बोली लावून ती हत्यारं विकत घेतली आणि नेऊन लिंकनच्या हातात दिली. स्वतःचे पैसे. दुसऱ्या कुणाची जागा नाही गेली त्यात. नाशिकला विरोधकांनी सोडली तीही त्यांची स्वतःची संधी होती. तर्कतीर्थांची खुर्ची सरकारी होती हे खरं, पण तिथं त्यांच्याऐवजी खडी फोडत बसलेला दुसरा तर्कतीर्थ काही मला दिसत नाही.

आणि एक गोष्ट आमच्या तालुक्यातलीच. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी १९६५ साली विसापुरात एक प्रयोग करून बघितला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. त्यातून रोजगार हमी आली. ७२ च्या दुष्काळानं तिची गरज सगळ्यांना पटली, आणि १९७७ मध्ये कायदा झाला, तोही सर्व पक्षांच्या संमतीनं. लाल बावटेवाल्यांनी त्यासाठी कमी रान उठवलं नव्हतं. पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. तो कर १९७५ पासून आहे. सर, तुमच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला जो प्रोफेशनल टॅक्स कापलेला दिसतो ना, तोच हा! तुम्ही लोक त्याला शिव्या देता हे स्टाफरूमबाहेर उभं राहिलं की ऐकू येतं. पण त्या कायद्यानं खडी फोडायचं काम मिळायला तरी चिठ्ठी लागेनाशी झाली. हजेरी मांडायच्या जागेला मात्र पुढंही लागत राहिली असेल.

एकाच पक्षात असलं म्हणजे सगळं गोड असतं असंही नाही. वारणेवरचं धरण खुजगावला करायचं का चांदोलीला, यावरून वसंतदादा आणि राजारामबापू दोघंही काँग्रेसमध्ये असताना जे पेटलं, त्याच्या गोष्टी सांगली जिल्ह्यात अजून सांगतात. दादा खुजगावचे, बापू चांदोलीचे. शेवटी धरण चांदोलीला झालं. डॅम इंजिनिअरिंगच्या लेक्चरला साइट सिलेक्शनचे आठ निकष शिकवतात, त्यात हा नववा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ती लिहू की नको असा बराच विचार केला. संपादक मंडळातल्या मित्रांनी सांगितलं, लिही, रेक्टर सर मराठी विभाग शेवटी वाचतात.

एस.वाय.च्या शेवटी माझी एम-थ्री राहिली. दोष माझाच. केटी म्हटल्यावर टी.वाय.ला मेरिटवर हॉस्टेलची सीट गेली. लिस्ट लागली, माझं नाव नाही, पार्टनरचं आहे. बाहेर कॉट बेसिसवर राहायचं तर महिन्याला भाडं, वर मेस. त्या वर्षी द्राक्षं अवकाळीनं गेलेली. पप्पांना फोन करून सांगायची माझी छाती होईना. पार्टनर माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "पप्पांना सांगू? एक फोन करतील. ओळख आहे त्यांची वर."

मी गप्प.

"तुझ्या पप्पांनी आमच्या विरोधात प्रचार करायचा तो करू दे की," तो म्हणाला. "त्याचा इथं काय संबंध? तूच तर सांगतोस ना ते तात्यांचं."

खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण वेटिंग लिस्ट माझ्यासमोरच भिंतीवर होती. पहिलं नाव माणच्या एका मुलाचं. मी त्याला ओळखतसुद्धा नव्हतो. फक्त नाव. आणि मला एकदम काकांचा पुकारा आणि 'हाय' ऐकू आलं. मी म्हटलं, "नको. फोन नको."

पार्टनरला राग आला. त्याला वाटलं, माझी पक्षाची अढी आली मध्ये. मला आजीचं बोलणं नीट सांगताही येईना. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन विश्रामबागेत कॉट बघायला निघालो, तर हा गेटवर. पेटीची दुसरी कडी धरली आणि म्हणाला, "फोन नाही केला. चल वर."

वर म्हणजे त्याच्या रूमवर. हॉस्टेलच्या भाषेत याला पॅरासाइट म्हणतात, हे रेक्टर सरांशिवाय सगळ्यांना माहीत आहे. थ्री-सीटर रूममध्ये चौथा. पकडलं तर माझं काय, माझी सीट नव्हतीच. जाणार होती ती त्याची. नियम तसा नोटीस बोर्डवर टाइप करून लावलेला आहे. हे त्याला पाठ होतं. कॉट एकच, साडेसहा फूट बाय तीन फूट. एक रात्र तो वर, मी खाली गादीवर. दुसऱ्या रात्री मी वर. परीक्षेत दोघंही वर, डोकं-पाय उलट करून. त्याचे पाय खटावच्या दुष्काळी जमिनीसारखे भेगाळलेले आहेत, एवढं जाहीर करून मी त्याचा सूड घेतो. राहिलेल्या दोघांनी कधी कुरकुर केली नाही. माणचा तो मुलगा आमच्याच मजल्यावर आला. रोज ब्रश करताना भेटायचा. त्याला यातलं काही माहीत नाही, आता वाचेल तर वाचेल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक आली. कोण कुठल्या पक्षात हे बघायला सकाळी पेपर उघडावा लागतो असे हे दिवस. एका पक्षाचे दोन झालेले, दोन्हीकडं जुनेच चेहरे. तरी आमच्या दोघांच्या घरच्या बाजू वेगळ्याच पडल्या. त्या महिन्यात रूममध्ये रोज वाद. "तुमच्या येरळवाडीच्या तलावात पाणी अडवता आणि खाली आम्हाला वाळू सोडता," हा माझा हुकमी पत्ता. "वाळू तरी तुम्ही कुठं ठेवलीत नदीत?" हा त्याचा. एकदा वाद इतका वाढला की तो म्हणाला, "उतर माझ्या कॉटवरून." मी उतरलो. अर्ध्या तासानं म्हणाला, "ये वर. थंडी वाजतीय लेका, पांघरूण तुझ्याकडंय."

मतदानाला दोघं आपापल्या गावी गेलो. ठरल्यासारखं मतदानाच्या रात्रीच परत आलो, निकालाच्या आधी. मेस बंद होती. स्टँडसमोरच्या गाड्यावर अंडाभुर्जी खाल्ली. बिल त्यानं दिलं. मी आबा-तात्यांचं काही बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही.

मे महिन्यात त्याचे वडील त्याला न्यायला जीप घेऊन आले. आम्ही सामान बांधत होतो. रूममध्ये तीन कपाटं आणि चार बादल्या. त्यांनी बादल्या मोजल्या. राजकारणातला माणूस, मोजणी चटकन होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू तासगावचा ना? ह्यानं जूनमध्येच सांगितलं होतं मला तुझ्या सीटचं. म्हणाला, फोन करू नका, तो नको म्हणतोय. मला वाटलं, पोरगा मानी आहे, का वडलांनी सांगितलं?"

"वडलांना अजून माहीत नाही, काका. त्यांना वाटतंय मला सीट आहे."

ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. "वडील कुणाचं काम करतात, माहीत आहे मला. आमच्या सभेत एकदा उभं राहून प्रश्न विचारलाय त्यांनी. उत्तर नव्हतं माझ्याकडं." जीपमधून त्यांनी ज्वारीचं एक पोतं काढलं, माणदेशी, हाताला टपोरी लागणारी. "हे घरी दे. कुणी दिलं सांगायची गरज नाही. सांगितलंस तरी चालेल."

एम-थ्री मी सुटलो. यंदा मला माझी सीट आहे, पार्टनरच्याच रूममध्ये, खिडकीकडची. जुलैमध्ये ज्युनिअर्सची लिस्ट लागली. परवा रात्री साडेअकराला दारावर टकटक झाली. एस.वाय.चा एक मुलगा, हातात पेटी, मागं कॉरिडॉरचा दिवा. पार्टनर कॉटवरून उठला, माझ्याकडं बघितलं, आणि गादीची वळकटी पायानं उलगडली.